धाकट्याचं पांघरूण

पार्दियोच्या दाराशी दिवा अजून जळतो. बाळाची वार म्हणजे त्याचं धाकटं भावंड; ती पुरली की त्या जागी महिनाभर लावायचा दिवा हा माणूस जन्मभर लावतोय म्हटल्यावर गाव हसणारच. "अहो, तुमच्या पोरीचं धाकटं एव्हाना मिशीवाला बाप्या झालं असेल," असं म्हणतात. तोही हसतो. पण दिवा चुकवत नाही.

वुर्यानी जन्मली तेव्हा त्यानं वार स्वतः धुतली, पांढऱ्या फडक्यात गुंडाळली, मडक्यात घालून पुरली. बापाचंच काम ते. फक्त घाई झाली. दिवस मावळायच्या आत धाकटं मातीत गेलंच पाहिजे, असा त्याच्या सासूचा हेका. तिनं सुईण तुकिनेमआजीला वार पसरून बघूही दिली नाही.

थोड्याच वेळात त्याच्या बायकोच्या, तुमिराच्या खालची चटई रक्तानं भिजली.

"बाळंतिणीचं जातंच," सासू म्हणाली. "ओल्या अंगाची बाई उंबऱ्याबाहेर काढायची नाही."

तुकिनेमआजीनं पोट दाबून पाहिलं. "वारेचा तुकडा आत राहिला असेल तर बाळंतीण हातची जाईल. पण मी बघू कशात? ते तर पुरून बसलात."

पार्दियोनं कुदळ उचलली. सासूनं त्याचा हात धरला. "पुरलेलं उकरतोस? पोरीच्या मागं लागेल ते!"

त्यानं हात सोडवून घेतला. केळीच्या पानावर वार पसरली, तेव्हा एका कडेला मुठीएवढी जागा रिकामी होती. सासूनं ती जागा बघितली. मग तीच धावत जाऊन भाजीचा टेम्पो थांबवून आली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी उरलेला तुकडा काढला आणि तुमिरा वाचली.

परत आल्यावर पार्दियोला कुंपणावर ते पांढरं फडकं दिसलं. निघायच्या गडबडीत त्यानं धाकट्याला उघडंच मडक्यात कोंबून माती लोटली होती. दुसऱ्यांदा उकरायची छाती झाली नाही. फडकं धुऊन त्यानं पेटीत ठेवलं आणि कुणाला सांगितलं नाही.

वुर्यानी बोलायला लागली तशी दिव्यापाशी जाऊन बसायची. एकदा आत येऊन म्हणाली, "बाबा, धाकट्याला थंडी वाजते."

त्या दिवसापासून पार्दियोला नीट झोप अशी लागलीच नाही.

परवा वुर्यानी बाळंत झाली. नवरा परमुलखात कामाला, म्हणून वार धुवायला आजोबाच. तो कडा पुन्हापुन्हा चाचपत राहिला, तेव्हा नर्स वैतागली, "अहो, सगळी आहे! किती बघाल?" त्यानं ती कोऱ्या फडक्यात गुंडाळून पुरली, दिवा लावला. मग पेटीतलं जुनं फडकं लेकीसमोर ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं.

"मी मेलो की हे माझ्या कफनात घाल," तो म्हणाला. "मीच जाऊन त्याला पांघरीन."

वुर्यानी बराच वेळ फडक्यावरून हात फिरवत राहिली.

"घालते," ती म्हणाली. "धाकटा लहानपणापासून विचारतोय मला, बाबा कधी येणार म्हणून."