सव्वानऊचा धमाका

नोकरीतली बरीचशी प्रकरणे मी विसरलो. हे एक मात्र अजून मनातून जात नाही. यात खून नव्हता, दरोडा नव्हता, न्यायालयात खटलाही उभा राहिला नाही. स्टेशन डायरीत तीन नोंदी झाल्या आणि कागद बंद झाला. निवृत्तीला तेव्हा दोन वर्षे राहिली होती. नागपूर शहरातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी निरीक्षक होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला आमच्या हद्दीतल्या मैदानावर एका मोठ्या नेत्याची सभा होती. अशा वेळी ठाण्यात कुणाचेच डोके ठिकाणावर नसते. बंदोबस्ताचे नकाशे, बाहेरून आलेल्या मनुष्यबळाच्या जेवणाची सोय, वरिष्ठांचे फोन. अशा धावपळीत दुपारी दोनच्या सुमारास इतवारीतले एक कापड व्यापारी मला भेटायला आले. वय पन्नाशीचे. आधी त्यांनी माझ्या खोलीचे दार लोटून घेतले, मग पिशवीतून दोन कागद काढले.

"साहेब, माझं नाव कुठंच येऊ देऊ नका. पण उद्या काही झालं तर मले झोप नाही लागणार."

ते मोबाईलवरच्या गप्पांचे छापून आणलेले फोटो होते. शेअर बाजारात स्वतःचे थोडेफार व्यवहार करणाऱ्या लोकांचा एक गट होता. बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो म्हणून गटाचे नावच 'सव्वानऊ'. एका कागदावर एका सदस्याचा संदेश होता : 'या पुढाऱ्यांना लोकांनी एकदा चांगला धडा शिकवायला हवा.' दुसऱ्या कागदावर त्याच माणसाचे शब्द होते : 'उद्या सव्वानऊला धमाका होणार. गर्दीत शिरू नका. बाहेर थांबून पाहा.'

सभेसाठी लोक नऊपासूनच मैदानात जमणार होते. मी ते कागद दोनदा वाचले.

"फोन दाखवा," मी म्हणालो.

"फोन दुकानातच राहिला जी, चार्जिंगले लावून आलो. म्हणून तर प्रिंट काढून आणल्या."

इथे मी त्यांच्याबरोबर एक शिपाई पाठवून तो फोन आणवायला हवा होता. इतवारी दहा मिनिटांवर होती. मी त्यांचे आभार मानले आणि वरिष्ठांना फोन लावला.

संदेश लिहिणारा माणूस शोधायला तासभरही लागला नाही. महाल भागात एका गल्लीत दोन खोल्यांत एकटे राहणारे सदुसष्ट वर्षांचे गृहस्थ. छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून आयुष्य गेलेले. पत्नी तीन वर्षांपूर्वी वारलेली, एकुलती मुलगी सावनेरला दिलेली. चार वाजता आमची जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली, कारण गल्ली अरुंद होती. त्यामुळे त्यांना दोन शिपायांच्या मधून शंभर पावले चालत यावे लागले. नियमाप्रमाणे चेहऱ्यावर रुमाल टाकला होता. पण वीस वर्षे ज्या गल्लीत माणूस रोज दूध आणायला जातो, तिथे चालण्यावरूनही तो ओळखू येतो. ओट्यांवरच्या बायका उठून उभ्या राहिल्याचे हवालदाराने मला सांगितले.

चौकशी मी स्वतः केली. समोर बसले तेव्हा त्यांचा आवाज स्वच्छ होता.

"मले काहून आणलं साहेब? सांगान तरी."

मी कागद पुढे सरकवला. त्यांनी चष्मा लावला, वाचला आणि चक्क हसले.

"अरे, हे होय! धमाका म्हणजे शेअरचा जी. एका कंपनीचा रिझल्ट येऊन राहिला उद्या. सगळे त्याच्यावर तुटून पडतीन, म्हणून मी लोकायले सांगून राहिलो होतो का गर्दीत शिरू नका, नुकसान होईन. मी काय बॉम्ब ठेवनारा दिसतो तुम्हाले?"

आज वाटते, ते हसले ते माझ्या मनाला लागले. एवढे गंभीर प्रकरण आणि हा माणूस हसतो, म्हणजे उत्तर आधीच ठरवून आलेला, असा अर्थ मी लावला. शिवाय त्यांचा फोन उघडला तर गटातले सगळे जुने संदेश पुसलेले. फोन भरतो म्हणून रोज दुपारी पुसतो, असे ते म्हणाले. मी ते 'पुरावा नष्ट केल्याचा संशय' असे टिपून घेतले.

"धडा शिकवायला हवा, हे कोणाबद्दल?"

"ते आमच्या रस्त्यावरच्या खड्ड्याबद्दल होतं जी. लई दिवस झाले त्याले."

"किती दिवस?"

"वीस-पंचवीस असतीन."

तासाभराने तोच प्रश्न मी पुन्हा विचारला, तेव्हा थकून ते म्हणाले, "आठ-दहा दिवस." मी लगेच लिहिले : 'उत्तरांत विसंगती.' सदुसष्ट वर्षांच्या माणसाला दोन-अडीच तास एकाच खुर्चीवर बसवून तोच तो प्रश्न विचारला, तर विसंगती सापडतेच. हे मला तीस वर्षांच्या नोकरीत शंभरदा दिसले होते. पण त्या संध्याकाळी मला विसंगती हवी होती.

नोंदी घ्यायला एक महिला शिपाई बसली होती. चहाच्या निमित्ताने ती माझ्यामागे बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "साहेब, बाजाराच्या ग्रुपवर सगळे असंच बोलतात. आमच्या घरीही रोज 'आज रॉकेट, उद्या धमाका' चालू असते. ग्रुपमधल्या दुसऱ्या कोणाचा फोन एकदा पाहून घेऊ काय?"

"बाकीचे सावध होतील. तुम्ही नोंदी करा," मी म्हणालो.

गटात शंभरावर माणसे होती. त्यांतल्या कुणालाही बोलावता आले असते. मी फक्त गट चालवणाऱ्याला, एका औषध दुकानदाराला, फोन लावला. तो लग्नासाठी बाहेरगावी होता, सकाळी परत येणार होता. मी सकाळची वाट पाहायचे ठरवले.

सात वाजता ठाण्याच्या फाटकाशी कॅमेरे आले. बातमी कुठून फुटली ते मला आजही ठाऊक नाही. वरिष्ठ म्हणाले, एक वाक्य सांगून टाका, लोकांना धीर येईल. मी सांगितले, "सभेच्या पार्श्वभूमीवर एका संशयिताला ताब्यात घेतले आहे, चौकशी सुरू आहे." नाव घेतले नाही, याचे मला तेव्हा समाधान वाटले होते. अर्ध्या तासात ती बातमी 'सव्वानऊ' गटावरही पोहोचली. महालातल्या कुणीतरी खाली नाव लिहिले. वीसेक लोक तेवढ्यातच गट सोडून गेले.

सकाळी नऊला औषध दुकानदार थेट प्रवासातून ठाण्यात आला, बॅग हातातच. त्याच्या फोनवर तीन वर्षांच्या गप्पा जशाच्या तशा होत्या. महिला शिपायाने दोन मिनिटांत तो संदेश काढून माझ्यापुढे धरला. 'धमाका होणार' याच्या वर पाच संदेश होते. पाचही त्या कंपनीच्या निकालाबद्दल, कंपनीच्या नावासकट. कागदावर आले होते फक्त शेवटचे तीन वाक्यांचे उत्तर. आणि धडा शिकवण्याचा संदेश बरोबर तेवीस दिवसांपूर्वीचा होता. वर खड्ड्याचा फोटोही होता.

मी ते सगळे वाचत बसलो. बाजाराचे बोलणे निम्मेही नव्हते. कुणाच्या आईचे डोळ्यांचे ऑपरेशन, संत्र्याचा बहार, टीव्हीवरच्या चर्चा, कोणता पक्ष फुटणार, कोण मंत्री होणार यावर रोजची भांडणे, आणि भांडणानंतर पुन्हा सुप्रभात. आमचे गृहस्थ त्यात सकाळपासून रात्रीपर्यंत असायचे. एका सकाळी त्यांनी लिहिले होते, 'आजही चहा जास्त गोड झाला. एका माणसाची साखर अजून जमत नाही.' त्याखाली चाळीस लोकांनी आपापले प्रमाण कळवले होते.

कापड व्यापाऱ्याशी त्यांचे कशावरून बिनसले, तेही तिथेच सापडले. व्यापाऱ्याने आपल्या आवडत्या पक्षाच्या कौतुकाचा लांबलचक मजकूर टाकला होता. यांनी त्यातल्या अकरा चुका काढून खाली लिहिले होते, 'आधी शुद्ध लिहा, मग देश चालवा.' लोक दोन दिवस हसत होते.

व्यापाऱ्याला मी बोलावून घेतले. "वरचे पाच संदेश का कापले?"

"मी काही खोटं नाही लिहिलं साहेब. त्यानं लिहिलं तेच आणलं. मले वाटलं, पोलीस बोलावतीन, जरा दम देतीन, एवढंच. इतकं होईन असं नव्हतं वाटलं." मग डोळे पुसून म्हणाले, "तीन वर्षं रोज बोललो आम्ही. कधी भेटलो नाही. त्याले सांगू नका जी, मी होतो म्हणून."

त्यांच्यावर कारवाई करावी, असा प्रस्ताव मी वरिष्ठांकडे तोंडी मांडला. खबर देणाऱ्यावर कारवाई केली तर उद्या कुणी खबर देणार नाही, असे उत्तर मिळाले. ते उत्तर चुकीचे आहे, असे मी आजही म्हणणार नाही.

सभा शांततेत पार पडली. दुपारी एक वाजता मी त्या गृहस्थांना सांगितले की तुम्ही जाऊ शकता. रात्र त्यांनी बाकावर काढली होती. ते उठले, शर्ट नीट केला आणि विचारले, "माझा फोन?"

फोन तपासणीला पाठवला होता. तो परत यायला सात महिने लागले. चौकशीत काही निष्पन्न झाले नाही, असे चार ओळींचे निवेदन मी वृत्तपत्रांकडे दिले. ते कुठे छापून आलेले मी पाहिले नाही.

फोन परत आला तेव्हा मी तो स्वतः घेऊन निघालो. महालातल्या खोल्यांना दुसरे भाडेकरू आले होते. शेजारच्या बाईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि म्हणाली, "ते गेले लेकीकडे. इथं कोण बोलत होतं त्याच्याशी? आम्हाले बी लेकरंबाळं आहेत जी." मी तिला सांगितले, त्यांनी काहीच केले नव्हते. ती म्हणाली, "मग पोलिसांनी काहून नेलं?" मी पोलीसच होतो.

सावनेरला ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मला ओळखले, बसायला सांगितले, लेकीला चहा टाकायला लावला. मी फोन दिला. त्यांनी तो खिशात ठेवला, सुरू केला नाही. काहीतरी बोलायचे म्हणून मी निवडणुकीचा विषय काढला.

"मले नाही समजत त्यातलं," ते म्हणाले.

ज्या माणसाने तीन वर्षांत एकही बातमी न बोलता जाऊ दिली नव्हती, तो माणूस हे म्हणाला.

मी म्हणालो, "माझं चुकलं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "हे कागदावर लिहून द्याल काय जी? शिक्क्यानिशी? महालात चार घरी दाखवीन म्हणतो."

असा कागद द्यायचा तर वर विचारावे लागले असते, आणि वरून काय येणार ते मला माहीत होते. निवृत्तीला जेमतेम दीड वर्ष राहिले होते. माझा चेहरा त्यांनी वाचला असावा.

"राहू द्या," ते म्हणाले. "चहा घ्या, थंडा होऊन राहिला."

निवृत्तीनंतर महिन्याभरात मी तो कागद लिहिला. शिक्का आता नव्हता, पण माझी सही होती, माझे पद होते, आणि चूक कुणाची ते स्पष्ट लिहिले होते. सावनेरला जाऊन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पूर्ण वाचला, सावकाश घडी घातली आणि मला परत केला.

"आता कोणाले दाखवू जी?" त्यांनी विचारले. आवाजात राग नव्हता. खरोखरच त्यांना प्रश्न पडला होता.

नव्या अधिकाऱ्यांपुढे बोलायला मला अधूनमधून बोलावतात. पुराव्याची अर्धी बाजू घेऊन येणाऱ्याकडून उरलेली अर्धी मागा, हे मी सांगतो. हाताखालची बाई बरोबर बोलत असेल तर ऐका, हेही सांगतो. पण खरे जे शिकलो ते सांगताना माझी जीभ अडते. निर्दोष माणसाला 'तुम्ही जाऊ शकता' म्हटले की आपले काम संपले, असे आपल्याला वाटते. त्याला ज्या गल्लीतून आणले, त्याच गल्लीत, त्याच लोकांसमोर नेऊन सोडायला हवे. बरोबर शंभर पावले चालायला हवे. ओट्यांवर बसलेल्यांना थांबून सांगायला हवे की चूक आमची होती. त्या दुपारी बंदोबस्त उठला होता. जीप आवारात उभी होती, चालक जेवून आला होता, आणि मलाही दुसरे काही काम नव्हते.

मी त्यांना रिक्षा करून दिली.