बाकावरची कॅप्टन

फुटबॉलच्या संघात मी गोलकीपर होते आणि माझ्यापुढे, बचावाच्या मधोमध, स्टॉपरला ताई खेळायच्या. माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, शिरवळजवळच्या एका गावच्या, फौजेतून निवृत्त झालेल्या हवालदाराची मुलगी. मी सांगलीची, हळदीच्या पेठेत अब्बांचं मसाल्याचं दुकान. आमचा क्लब मात्र दूर, समुद्रकाठच्या एका शहरात. संघात मणिपूरच्या, केरळच्या, हरियाणाच्या मुली. मैदानावर सगळ्यांची मोडकीतोडकी हिंदी चालायची. आम्ही दोघी तेवढ्या आपल्या बोलीत ओरडायचो, "मागं हाय मी", "ऱ्हाऊ दे", "माझा, माझा". पुढे पुढे तेही लागेना. चेंडू मला सोडायचा असला की ताईंचा डावा खांदा किंचित खाली यायचा. तो बघून मी पुढे निघायचे. त्यांनी कधी मागे वळून पाहिलं नाही.

एकदा केरळच्या एका मुलीने मला दिलेला पास तोकडा पडला आणि गोल झाला. ती जागेवरच बसली. ताईंनी जाळ्यातला चेंडू स्वतः काढला, तिला उठवलं आणि तिच्याबरोबर मध्यरेषेपर्यंत चालत गेल्या. नंतर मी विचारलं, तिला काय सांगितलंत?

"काय न्हाई गं. तिच्या आईचं ऑपरेशन झालंय न्हवं, ते विचारलं."

मग क्लब विकला गेला. नव्या मालकांचा माणूस भेटायला आला, वयाने आमच्याच बरोबरीचा, अतिशय नम्र. त्याने पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं की क्लबला चेहरा हवा. महिन्याभरात कॅप्टनचा पट्टा ताईंच्या दंडावरून आमच्या फॉरवर्ड मुलीकडे गेला. तिचे फोटो लोक फोनवर खूप बघायचे. मुलगी वाईट नव्हती. ती रडत ताईंच्या खोलीत आली, तर ताईंनीच तिला समजावलं आणि रेफरीशी कधी बोलायचं, कधी गप्प बसायचं तेही शिकवलं.

सीझन निम्म्यावर असताना ताईंना कळवण्यात आलं की पुढचा करार होणार नाही. कारण वय आणि गुडघा. त्यांचा गुडघा आम्हा सगळ्यांना माहीत होता. तो घेऊनच त्या आमच्यापुढे उभ्या राहत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाआधी सगळ्या माझ्या खोलीत जमल्या. येत्या सामन्याला मैदानात उतरायचं नाही, असं ठरलं. नव्या कॅप्टननेही मान डोलावली. तेवढ्यात ताई दारात आल्या.

"कुनी काढलं हे?"

"मी," मी म्हणाले.

"तुजं ठीक हाय. तू उद्या दुकानात बसशील. त्या मणिपूरच्या पोरींनी काय करायचं? त्यांच्या पैशावर घरं चालत्यात. त्यांचे करार मोडले तर कोन भरून देनार हाय?"

"आन तुमचं काय, ताई?"

"माजं मी बगीन. चला, बूट घाला."

आम्ही बूट घातले. इतकी वर्षं त्यांनी जे सांगितलं ते केलं होतं, तेव्हाही केलं. सामना आम्ही जिंकलो. ताई राखीव खेळाडूंच्या बाकावर होत्या. शेवटची दहा मिनिटं तरी त्यांना उतरवतील म्हणून मी सारखी तिकडे बघत होते. बदलीचा बोर्ड वर झाला तो दुसऱ्याच मुलीच्या नंबराचा. ती आत धावली तेव्हा ताई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

त्यांच्या जागी आलेली स्टॉपर ताईंपेक्षा चपळ होती, उंचही होती. पण आमच्या दोघींच्या मधून चेंडू जायचा. कधी दोघीही त्याच्यावर धावायचो, कधी दोघीही सोडून द्यायचो. ती मला दोष द्यायची नाही, मी तिला नाही. आम्हाला एकमेकींची सवय व्हायला वेळ हवा होता आणि तो कुणी दिला नाही. काही काळाने मालकांनी महिलांचा संघच बंद केला. सगळ्यांना एकच ईमेल आला. मणिपूरच्या मुली त्याच आठवड्यात गावी गेल्या.

आता मी सांगलीत एका शाळेत गोलकीपिंग शिकवते. मध्यंतरी पुण्याला जाताना शिरवळला उतरले. ताई तिथल्या एका कारखान्यात पॅकिंग विभागावर सुपरवायझर आहेत. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी गेटसमोरच्या टपरीवर भेटलो. त्या थोड्या लंगडत आल्या. चहा घेतला, अब्बांची चौकशी केली, मग म्हणाल्या, "तुज्या शाळेच्या पोरी ओरडत्यात का गं मैदानात? कीपर मुका असून चालत न्हाई."

हसून झाल्यावर मी मनातलं विचारलं. "ताई, तवा आमी उतरलोच नसतो तर?"

त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"क्लब बंद व्हायचा तो झालाच असता. मालकाला परवडंना, तितं तू मी काय करनार? पन तुमाला आडवायला नको हुतं असं मला बी वाटतं. कुनी एकटं पडू ने म्हनून टीम असती. समद्यांचा इचार केला, आन त्यात सोताला धरलंच न्हाई. तुमी माज्यासाठी थांबनार हुता. थांबू द्यायला पायजे हुतं."

"तुमचं ऐकायची सवय हुती आमाला," मी म्हणाले.

"व्हय. सवय मीच लावलेली."

चूक माझी नव्हती, त्यांचीही नव्हती, असं मी म्हणणार होते. पण ते ऐकून त्यांना बरं वाटलं असतं असं मला वाटेना. शिफ्टची वेळ झाली. बायकांचा एक घोळका गेटकडे निघाला होता, त्यातल्या एकीने ताईंची पिशवी आपणहून घेतली. ताईंनी ती घेऊ दिली. गेटातून आत जाईपर्यंत मी बघत उभी होते आणि मग पुण्याच्या गाडीसाठी हायवेवर आले.