पाठीला लागलेली माती

माझ्या नवऱ्याच्या पाठीला एकदा माती लागली. खरोखरची, तिकीट काढून बसलेल्या लोकांसमोर. एवढी साधी गोष्ट, पण ती गावात कोणाला पटवता आली नाही, ना मला, ना खुद्द त्यांना. पडलेल्या माणसानं 'मी पडलो' म्हणावं आणि गावानं 'छे, तू कुठला पडतोस' म्हणून हसावं, असला न्याय मी आमच्याच गावी पाहिला.

गाव मोताळ्याकडचं, धामणगाव बढ्याच्या बाजाराला भाजी नेणारं. वऱ्हाड तेव्हा कागदावर निजामाचं, हुकूम इंग्रजाचा आणि कचेरी नागपूरची. तेव्हा अमुक कोणाचं आणि तमुक कोणाचं यावर वाद घालायची आमच्या माणसांना जन्माचीच सवय. आमचा छोटा मळा होता. वांगी, मिरची, कांदा. नवरा पहाटे मोट हाकायचा आणि दिवसभर माझ्यासोबत वाफ्यात वाकलेला असायचा, पण गाव त्यांना ओळखायचं ते कुस्तीसाठी. सगळे त्यांना पहेलवान म्हणत. मीही मनातल्या मनात तेच म्हणायची.

संध्याकाळी आमच्या ओट्यावर शौकीन जमायचे. त्यांच्यातल्या एकानंही कधी लंगोट कसला नव्हता, पण डाव सगळ्यांना यायचे, तोंडानं. त्यांचे दोन पुढारी. एक म्हातारे कास्तकार, मोठी जमीन असलेले, ज्यांना सगळे बुवा म्हणत. दुसरा आमच्या आळीतला शिंपी, वयानं तरणा, अकोल्याला दोन वर्षं राहून आलेला. बुवांचा जीव मागच्या काळात आणि शिंप्याचा पुढच्या. आजच्या दिवसात कोणीच राहत नव्हतं. आजच्या दिवसात मी होते, हातात पाण्याची घागर घेऊन.

"आमच्या वक्ती कुस्ती घंटा घंटा चाले," बुवा सुरू करायचे. "अंगावरची माती सुकून खाली पडे, पण गडी नाही पडे. आता काय, हात लावला का बरोबरीत सोडवली."

"अन् घंटाभर लढून भेटे काय, बुवा?" शिंपी म्हणायचा. "एक फेटा अन् एक नारळ. त्यावर लेकरं जगते काय? आता तंबू आले, तिकीट आलं. पाहजा तुम्ही, उद्या पहेलवानाले पगार राहीन पगार, मास्तरवानी."

"पगारी पहेलवान! मंग पाडासाठी कोणाची चिठ्ठी लागीन बे? तहसीलदाराची?"

सगळे हसायचे. पहिली एक-दोन वर्षं मलाही हसू यायचं. मग येईनासं झालं. तेच बोलणं, तीच उत्तरं. मी आतून भाकरी थापता थापता पुढचं वाक्य सांगू शकले असते. पहेलवान मध्ये बसून मान हलवायचे. दिवसभराच्या कामानं त्यांचे डोळे मिटत असायचे, पण ज्याच्या नावानं सभा भरली त्यानं उठून कसं जायचं? ते आमच्या घरचे देव आणि मी पुजारीण, असा सगळा कारभार होता.

मग एकदा शेगावला तंबू आला. तिकिटाच्या कुस्त्या, गॅसबत्त्या, आणि मुख्य म्हणजे एक पंजाबी पहेलवान. ज्याला हिंमत असेल त्यानं त्याच्याशी लढावं, असा त्यांचा पुकारा होता. आमच्या ओट्याला ऊत आला. तिकिटाला नावं ठेवणाऱ्या बुवांनीच आधी आपली गाडी जुंपली. मलकापूरपर्यंत बैलगाड्या, पुढे रेल्वे. अर्धं गाव गेलं. बायकांनी कुस्ती पाहायची रीत नव्हती, म्हणून मी मळ्यातच राहिले, आणि खरं सांगते, दोन संध्याकाळी ओटा रिकामा होता त्याचं मला फार सुख झालं.

तिसऱ्या दिवशी पहेलवान एकटेच पायी आले. बाकीच्या गाड्या मागं होत्या. मी पाय धुवायला पाणी दिलं आणि विचारलं.

"पडलो," ते म्हणाले.

मला वाटलं आता हा माणूस आठ दिवस तोंड पाडून बसेल. घडलं उलटंच. ते चुलीपाशी येऊन बसले आणि बोलायला लागले. लग्न झाल्यापासून ते माझ्याशी एवढे बोलले नव्हते.

"असा गडी नाही पाह्यला वं मी. त्यानं मले पाडलंच नाही. मी जोर लावला, त्यानं वाट देल्ली. एवढी सरळ वाट, का मी माह्याच जोरानं गेलो अन् वरती पाह्यतो तं तंबूचं कापड दिसून राह्यलं. पाठ केव्हा टेकली ते मले समजलंच नाही. उठलो तं त्यानं माह्या पाठीची माती आपल्या हातानं झटकली."

असं म्हणून ते हसले. लहान मूल जत्रेतून आलं की जसं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतं, तसं त्यांचं चाललं होतं. मला कुस्तीतलं काही कळत नव्हतं, पण माझ्या माणसाला आनंद झालाय एवढं कळत होतं. इतकी वर्षं ते आपल्या पंचक्रोशीतल्या गड्यांना पाडत आले, आणि आता कुठे त्यांना आपल्याहून मोठी कुस्ती दिसली होती. ती त्यांना कोणाला तरी समजावून सांगायची होती. माझ्याजवळ सांगून त्यांचं पोट भरणार नव्हतं. ते संध्याकाळची वाट पाहत होते. ओट्यावरच्या माणसांची वाट त्यांनी त्या एका दिवशी मनापासून पाहिली.

माणसं आली. पहेलवानांनी बसल्या बसल्या हात पुढे करून सुरुवात केली, "त्यानं माहं मनगट असं धरलं, पण दाबलं नाही..."

बुवांनी डोळे मिटून हात वर केला. "राहू दे पहेलवान. आमच्यापाशी कायले?"

मला आत काही उमजेना. मग उमजलं. शेगावहून येताना रेल्वेच्या डब्यात आणि पुढे गाडीत सगळा निकाल लागून गेला होता. आमचा पहेलवान पडत नसतो. तो पडला, म्हणजे कुस्ती आतून ठरलेली होती. तंबूवाल्यानं पैसे दिले आणि यांनी पाठ टेकवली.

गंमत अशी की या एका गोष्टीवर बुवांचं आणि शिंप्याचं जन्मात पहिल्यांदा एकमत झालं. सूर्य पूर्वेला उगवतो यावरही झालं नसतं. बुवांना हवंच होतं, कारण तिकीट आलं की कुस्ती नासते हे त्यांचं म्हणणं त्यानं सिद्ध होत होतं. शिंप्यालाही हवं होतं, कारण त्याच्या मते शहाण्या पहेलवानाचा पुढचा रस्ता तोच. एक रागावला होता, दुसरा शाबासकी देत होता. पण पडलेला माणूस दोघांनाही नको होता.

"बुवा, मी खरंच पडलो," पहेलवान म्हणाले.

"हाव हाव," शिंपी डोळा मारून म्हणाला, "भाऊ, असंच म्हणा लागते. शपथ घातली असन त्याहिनं."

आणि सगळे हसले. प्रेमानंच हसले. त्याचाच मला जास्त राग आला.

त्यानंतरचे महिने आठवले की आजही अंगातलं बळ जातं. रोज संध्याकाळी तेच. पहेलवान रोज सांगायचे, मी पडलो. ओटा रोज हसायचा. मग वाद पुढे सरकायचा: जुन्या काळी पहेलवान विकला गेला असता का, पुढच्या काळी न विकलेला पहेलवान राहील का. बुवा म्हणायचे, कुस्ती मेली. शिंपी म्हणायचा, कुस्ती आता कुठे जन्मली. आणि जिच्यावर एवढं चाललंय ती शेगावची कुस्ती कशी झाली, हे त्यांना सांगायला एक माणूस समोर बसलाय, त्याला कोणी विचारायचं नाही. हळूहळू त्यांनी सांगणंच सोडलं. हात पुढे करायचे आणि मागे घ्यायचे.

एकदा माझंच डोकं फिरलं. घागर ओट्यावर आदळली आणि माणसांपुढे कधी न बोलणारी मी बोलले, "ते पडले. मले मालूम आहे."

बुवांनी मान खाली घालून मोठ्या मायेनं मला विचारलं, "सूनबाई, तू होती काय तंबूत?"

"नाही. पण त्याहिनं मले घरी येऊन सांगतलं."

"घरच्या बाईले कोणता पहेलवान खरं सांगते, माय?" बुवा म्हणाले, आणि माझी कीव आल्यासारखं माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा घागर उचलली. भिंतीशी बोलावं तर निदान भिंत आपल्याला अडाणी समजत नाही.

पुढे मेहकरकडच्या एका जत्रेचं बोलावणं आलं. जत्रेतली शेवटची मोठी कुस्ती, मानाची. पहेलवानांनी पुन्हा जोर-बैठका धरल्या. मला बरं वाटलं. म्हटलं, उघड्या मैदानातली बिनतिकिटाची कुस्ती आहे, आपल्याच मुलखातली. तिथं तरी जे होईल ते लोकांना दिसेल.

जत्रेच्या आधी चार दिवस एक गृहस्थ आमच्याकडे आले. पेढ्यांचा पुडा पुढे ठेवला, आवाजही पेढ्यासारखाच गोड. समोरच्या गड्याचे ते मामा. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "मंग पहेलवान, आपलं कसं कसं कराचं? पोऱ्याचं हे पहिलंच मोठं मैदान हाये. तुमचं शेगावचं आमाले मालूम हाये."

पहेलवानांनी त्यांना हात धरून उठवलं, अंगणाबाहेर नेऊन उभं केलं आणि पेढे त्यांच्या हातात ठेवले. परत येऊन मोटेपाशी गेले ते अंधार पडेपर्यंत आले नाहीत. शेगावच्या गोष्टीला मेहकरपर्यंत पाय फुटले होते, आणि त्या गोष्टीचा बाप कोण, तर आमच्याच ओट्यावर बसून आमचंच पाणी पिणारी माणसं.

जत्रेत ते लढले आणि जिंकले. कुस्ती फार वेळ चालली म्हणतात. एक कान सुजून वांग्यासारखा झाला होता आणि गुडघ्यानं चालवत नव्हतं, अशा अंगानं ते गाडीतून उतरले. डोक्याला मानाचा फेटा होता. मी हळद-तेल गरम करत होते तोवर ओटा भरलाच.

शिंप्यानं त्यांच्या सुजलेल्या कानाकडे पाहिलं, मोठ्या कौतुकानं मान हलवली आणि म्हणाला, "भाऊ, एवढं खरं वाटलं लोकाहिले! पण एक सांगा, या खेपी तिकडच्यानं घेतले काय?"

मी आतून पाहत होते. पहेलवानांनी फेटा डोक्यावरून काढला आणि मांडीवर ठेवला. हरलेली कुस्ती ओट्यावरच्या माणसांनी आधीच हिरावून नेली होती. आता जिंकलेलीही गेली. बुवा काहीतरी बोलत होते, जुन्या वक्ती असं नव्हतं, वगैरे. पहेलवानांनी त्यांना हातानं थांबवलं.

"बुवा, शेगावची कुस्ती म्या विकली," ते म्हणाले. "हाव. विकली."

मग जो आनंद झाला म्हणून सांगू! शिंप्यानं मांडीवर थाप मारली. बुवांनी उठून त्यांना मिठी मारली, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "आता सांगतलं माह्या वाघानं," ते म्हणाले, "तुह्या पाठीले माती कोण लावते बे?" कित्येक महिन्यांचा वाद एका शब्दात मिटला. त्या दिवशी माणसं दिवेलागणीलाच उठून घरी गेली, हसत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून.

पहेलवान लंगडत आत आले आणि भिंतीला टेकून बसले. माझा संताप संताप झाला होता. मला रडूही येत होतं आणि कोणाला तरी बडवावंसंही वाटत होतं.

"काऊन सांगतलं खोटं?" मी म्हटलं. "तुमी कोणाचे घेतले होते?"

"कोणाचेच नाही. थकलो वं. खरं सांगू सांगू थकलो." त्यांनी डोळे मिटले. "त्याहिले मी पडलेला नाही पाहवत. विकलेला चालते."

मी हळद लावायला कानाजवळ हात नेला, तर तो चटका बसावा इतका तापला होता. ते हलले नाहीत.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुले कोणता चालते?"

"पडलेला," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं आणि सुजलेला गुडघा हातानं उचलून चुलीकडे सरकले.

"मंग वाढ," ते म्हणाले.