मावशींची मोटर

खुर्चीत बसण्याआधी मावशी उजव्या हाताची बाही वर करायच्या आणि तो हात समोरच्याच्या कानाशी धरायच्या. "ऐका भाऊ, मोटर चालू हाय." मग तुम्ही डॉक्टर असा नाहीतर शेजारच्या खुर्चीतले पेशंट, ऐकल्याशिवाय सुटका नसे.

हातातली धमनी शिरेला जोडली की शीर फुगते आणि आत रक्त घरघरतं. याला फिस्टुला म्हणतात. त्यातच आठवड्यातून तीनदा सुया टोचून आम्ही डायलिसिसवाले पेशंटचं रक्त मशीनमधून फिरवून आणतो. मावशी त्यासाठी पिंपळगावहून नाशिकला बसने यायच्या.

पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या गळ्याच्या शिरेत डायलिसिसची नळी होती. ती तात्पुरती, तिच्यातून जंतू थेट रक्तात जाऊ शकतात. फिस्टुला शक्यतो कमी वापराच्या हातावर करतात, म्हणून फॉर्म भरताना मी विचारलं, "कामाचा हात कोणता?"

"उजवा," त्या ठसक्यात म्हणाल्या. मी लिहिलं. डाव्या हाताचं ऑपरेशन ठरलं.

आदल्या दिवशी माझ्या ॲप्रनचा लोंबणारा दोरा त्यांना बघवेना. पिशवीतून द्राक्षाची कात्री काढून त्यांनी तो कापला. डाव्या हाताने.

"मावशी, तुम्ही डावखुऱ्या?"

"मग? द्राक्षाच्या पॅकहाऊसला घडातले खराब मणी डाव्यानंच काढते. शेजारच्या मण्याला धक्का लागत नाय."

"मग उजवा का सांगितलात?"

"चारचौघांत उजवाच सांगायचा असतो. डाव्यापायी आईचा लय मार खाल्लाय."

मी तसाच डॉक्टरांकडे धावलो. फॉर्मवरून मान वर करून त्यांचे हात बघायला मला कितीसा वेळ लागला असता!

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. डाव्या हाताची शीर झकास होती. तिथे फिस्टुला लवकर तयार झाला असता, पण हाताची ताकद कमी होण्याची भीती होती. उजव्या हाताच्या शिरा जुन्या सलाइनांनी खराब झालेल्या. तिथे वेळ लागणार, कदाचित जमणारही नाही, आणि तोवर गळ्यातली नळी राहणार.

"उजव्यालाच करा," मावशी म्हणाल्या. "कात्रीचा हात मी देणार नाय."

शीर फुगावी म्हणून जखम भरल्यावर दाबायला चेंडू दिला. तो नातवाने पळवला, तर मावशी गोल कांदा दाबत बसायच्या. दोन महिने झाले तरी शीर फुगेना. त्यात नळीला संसर्ग होऊन त्या तापाने फणफणल्या. नळी बदलावी लागली. मी चिडलोच. "हट्ट सोडा मावशी, जिवावर बेतेल!"

"अजून एक महिना, भाऊ." दात वाजत होते, पण चादरीखाली कांदा दाबणं चालूच होतं.

महिना भरायच्या आत शीर फुगली आणि तो हात घरघरू लागला. मी स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि मला रडू आलं. मावशी मात्र स्वतःच्या हाताला कान लावून खुदकन हसल्या. थोड्या दिवसांनी गळ्यातली नळी निघाली. पुढचे तीन हंगाम त्यांनी डाव्या हाताने कात्री चालवली. घरी रोज सकाळी सुनेला मोटर ऐकवायच्या, इथे आम्हाला.

गेल्या महिन्यात एका सोमवारी त्यांची खुर्ची रिकामी राहिली. दुपारी सून सांगायला आली.

"काल संध्याकाळपर्यंत पॅकहाऊसला होत्या. सकाळी हाक मारली तर उठेनात. मी आधी हाताला कान लावला, भाऊ. मोटर बंद होती."