एका बोटाने उघडणारा लॅपटॉप

बालाघाटच्या कोर्टामागे बिनखिडकीच्या खोलीत बसणारे माझ्या ओळखीचे वकील आपला महागडा लॅपटॉप एका बोटाने उघडतात आणि प्रत्येकाला विचारतात, "बिजागरी पाह्यली का?"

परवा लामत्याची एक बाई मुलाच्या जामिनासाठी आली आणि नेमकी वीज गेली.

"साहेब, आजच होईन ना?"

"हौ, बाई. याची बॅटरी दिवसभर चालते."

दोन बोटांनी अख्खा अर्ज टाइप झाल्यावर प्रिंटर बंद असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. बाई रडवेली झाली. मग त्यांनी स्क्रीनच्याच उजेडात तो अर्ज सुवाच्य अक्षरात कागदावर उतरवला आणि कोर्ट उठायच्या आत दाखल केला.

परतल्यावर मला म्हणाले, "सस्त्या लॅपटॉपले एवढा उजेड राह्यते काय?"

राहत नाही, हे मला कबूल करावं लागलं.