मामांची गनबोट

जन्मात समुद्र न पाहता ‘बोट लागलेली’ माणसं फक्त मिरजगावात सापडतील, आणि त्याला कारण आमच्या हिचे मामा. मामांनी तारुण्य नौदलाच्या एका लहानशा गनबोटीवर, इंजिनाशेजारी काढलं. निवृत्त होऊन गावी ज्वारी करू लागले, पण बोलण्यात बोटीवरून कधी उतरलेच नाहीत. वारं सुटलं की अंगणातली बाज खांबाला बांधून टाकायचे. जेवताना डाव्या हातानं ताट घट्ट धरायचे. मामी म्हणायच्या, “अहो, जमीन कुठं हलतीय?” त्यावर मामा गंभीरपणे, “हलली मंजी कळंल.”

बोटीची सगळी चाकरी त्यांना तोंडपाठ. इंग्रजांनी बांधली, जाताना आपल्याला ठेवून गेले. मग तिनं चोरटा माल आणणारी गलबतं अडवली, एका वादळात कोळ्यांचे मचवे ओढून बंदराला लावले. “तोफ येकच, पन आवाज लई!” हे सांगताना मामांचाच आवाज असा चढे की गोठ्यातली म्हैस दावं ओढी. एकाहत्तरच्या लढाईत म्हातारी बोट बंदराच्या तोंडाशी पहाऱ्याला होती आणि मामा इकडे रेडिओला कान लावून. तिचं नाव एकदाही आलं नाही, तेव्हा बातम्या देणाऱ्यावर रुसून त्यांनी रेडिओच शेजाऱ्याला देऊन टाकला.

पुढे त्यांचा एक जुना सोबती भेटायला आला आणि बोट मोडीत निघाल्याचं सांगून गेला. मामा दुसऱ्याच दिवशी मुंबईला गेले. परतले ते गप्प. मामींनी फारच खोदलं तेव्हा म्हणाले, “निम्मी हुती. इंजिन काढून नेल्यालं. पोटात ऊन पडलं हुतं तिच्या. आमी उभ्या नोकरीत तिथं ऊन पाह्यलं न्हाई.”

त्यानंतर मामा चक्क ज्वारीबद्दल बोलू लागले, तेव्हा मात्र आम्ही घाबरलो. पाऊस चांगला झाला त्या वर्षी मी त्यांना राहुरीकडे नवं मुळा धरण दाखवायला नेलं. समोर दूरवर पाणीच पाणी, वाऱ्यानं काठाशी लाटा. मामा वहाणा काढून घोटाभर पाण्यात उतरले. मग ओंजळ भरून ओठाला लावली.

“गोडं हाय, जावईबापू,” ते हळूच म्हणाले.

आमच्या कोरड्या मुलखात पाणी गोडं निघालं म्हणून हळहळलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी हात दिला, पण त्यांना वर यायची घाई नव्हती.