नाव घातलेलं ताट

जुनी चिनी मातीची भांडी जमवण्यात माझी पंधरा वर्षं गेली आणि आता खांदे बोलायला लागलेत. भिंतीवर निळी-पांढरी ताटं, कोपऱ्यांत कमरेएवढ्या बरण्या. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही, म्हणून पुसायचीही मीच. दर रविवारी स्टुलावर चढायचं आणि उतरताना गुडघ्याच्या विनवण्या करायच्या. बायको खालून म्हणते, "मी ह्या घरात राहत नाही, तिकीट काढून आत येते."

सगळ्यांत लाडकं ताट शिरोळकडच्या एका मळ्यातलं. त्यात कोंबड्या पाणी पीत होत्या. मालक म्हणाला, "पावणं, निऊन काय करताय? तुमच्यात कोंबड्या हायती व्हय?" मी अत्यंत गंभीर चेहऱ्यानं "आहेत" म्हणालो आणि बदल्यात त्याला नवंकोरं घमेलं आणून दिलं.

ताटाच्या पाठीवर सहा चिनी अक्षरं आहेत. ते अस्सल आहे हे सांगून सांगून माझा घसा बसला, बायकोचं पालुपद एकच, "तुम्हाला फसवलंय." शेवटी पुण्याचे एक जाणकार ते आठ दिवस घरी नेऊन तपासायला तयार झाले. त्यांनी अस्सल म्हणावं आणि बायकोसमोर मी एकदा तरी कॉलर ताठ करावी, एवढीच इच्छा उरली होती.

ते आले. ताट उलटं केलं आणि थांबले. सहा अक्षरांच्या बरोब्बर मधून, ठिपक्याठिपक्यांच्या रेघेत, माझं नाव कोरलेलं होतं. आडनावासकट. आमच्या प्रत्येक डब्यावर, वाटीवर असतं तसं.

बायको चहा घेऊन आली. "काल भांड्यांच्या दुकानात जाऊन घालून आणलं," ती खुशीत म्हणाली. "दुकानदार म्हणाला, वैनी, फुटंल की. मी म्हटलं, हळू घाला, पण घाला. दुसऱ्याच्या घरी जाणारं भांडं, बदलून आलं म्हणजे?"

पंधरा वर्षांत तिनं पहिल्यांदाच माझ्या एखाद्या भांड्याची काळजी केली होती.

ती आत गेल्यावर पाहुणे हळूच म्हणाले, "अस्सल होतं." चहा संपवला आणि रिकाम्या हातानं गेले.

"नेलं नाही का हो त्यांनी?" तिनं दारातूनच विचारलं.

माझं भाषण हातवाऱ्यांसकट तयार होतं, कित्येक वर्षांपासून. पण त्या क्षणी उठून उभं राहायचाही कंटाळा आला.

"खोटं निघालं," मी म्हणालो.

"बघा! मी सांगत नव्हते?" तिचा चेहरा असा उजळला, की लग्नातसुद्धा एवढा उजळला नव्हता.

आता ते ताट स्वयंपाकघरात असतं. शेजारणी आल्या की ती त्यातूनच भडंग देते. "ह्यांना कुणीतरी चांगलंच बनवलं," असं सांगत ताट माझ्याही पुढं करते. मी मूठभर उचलतो. भडंग झकास असतो.